फुटाला एक सूत

१८१२च्या डिसेंबरअखेर ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ एक ब्रिटिश फ्रिगेट अमेरिकनांच्या हाती पडली आणि मुंबईच्या गोदीतलं एक मोठं काम लांबणीवर गेलं. तिचं नाव ‘जावा’. ती हिंदुस्थानाकडे निघाली होती. मुंबईत तयार होत असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या तळाला ठोकायचे तांब्याचे पत्रे तिच्या पोटात होते. मुंबईच्या नेमणुकीवर निघालेले जनरल हिस्लॉप तिच्यावर होते. पुढे १८१७मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढले ते हेच. आणि मुंबईत बांधायच्या नव्या फ्रिगेटींचे नकाशेही तिच्यावरच होते. ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी जहाजाने ‘जावा’च्या डोलकाठ्या पाडल्या. ती ओढून नेण्याजोगीही उरली नाही, म्हणून पकडणाऱ्यांनीच तिला आग लावली. नकाशे गेले. इंग्लंडहून दुसरी प्रत येईपर्यंत गोदीला थांबावं लागलं.

त्या दुसऱ्या प्रतीवरून मुंबईत आधी ‘अँफिट्राइट’ झाली आणि मग ‘ट्रिंकोमाली’. जमशेटजी बमनजी वाडिया तेव्हा गोदीचे मास्टर बिल्डर होते. ‘ट्रिंकोमाली’च्या कीलमध्ये, म्हणजे तळाच्या कण्यात, त्यांनी पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. खडकीची लढाई व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. मलबारच्या सागाची ही फ्रिगेट अजून तरंगते आहे. मधली कित्येक वर्षं ती ‘फुद्रोयाँ’ या दुसऱ्याच नावाने मुलांना दर्यावर्दी शिक्षण देणारं जहाज म्हणून राहिली. १९८७मध्ये तिला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला नेलं आणि २००१पर्यंत तिची डागडुजी चालली. ब्रिटनमधली पाण्यावर असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक आज तिकीट काढून तिच्यावर चढतात. तिच्याच काळात मुंबईत जन्मलेली इतर मोठी जहाजं गेली. ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. ‘वेलस्ली’ तर १९४०मध्ये थेम्स नदीत जर्मन बॉम्बहल्ल्यात सापडून बुडाली. शिडांच्या जमान्यातलं जहाज विमानांनी बुडवलं.

या ‘ट्रिंकोमाली’ची प्रतिकृती मी पुठ्ठ्यात आणि लाकडात बांधतो आहे. वाडियांची नावं इतिहासात आहेत आणि ती असायलाच हवीत. पण त्यांच्या हाताखालच्या सुतारांनी, लोहारांनी, दोर वळणाऱ्यांनी आणि शिडं शिवणाऱ्यांनी काय विचार केला, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तो विचार जहाजाच्या आकारात आहे, फळीच्या निमुळतेपणात आहे, दोर कुठून निघून कुठे बांधला त्यात आहे. तो वाचायचा तर ते काम लहान मापात पुन्हा करून पाहावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यासाठी परदेशी महागडा किट लागत नाही. पुठ्ठा, चांगलं कटर, थोडं बारीक रेषेचं लाकूड, सूत आणि फेविकॉल एवढं पुरतं.

जहाजांच्या प्रतिकृतींना लोक शोकेसमधली शोभा समजतात, म्हणून त्यांचा इतिहास थोडा सांगतो. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडच्या नेव्ही बोर्डासाठी अशी मॉडेलं बनत. मापाचं प्रमाण बहुधा १:४८. नासपतीच्या नाहीतर बॉक्सवुडच्या लाकडाच्या फासळ्या, आणि पाण्याखालच्या भागावर फळ्या मुद्दाम न ठोकता आतला सांगाडा उघडा ठेवलेला. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयातली कितीतरी मॉडेलं आता चॅटहॅमच्या जुन्या गोदीत ठेवली आहेत. अमेरिकेत अनॅपोलिसच्या नौदल अकादमीच्या संग्रहालयात अशाच मॉडेलांचा रॉजर्स यांचा संग्रह आहे. ज्या काळातले नकाशे हरवले, त्या काळच्या जहाजाचा आकार अभ्यासक आजही या मॉडेलांवरून मोजतात.

याहून मला जवळची वाटतात ती कैद्यांची मॉडेलं. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत पकडलेले फ्रेंच खलाशी इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं अडकून पडले. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस इथे १७९७मध्ये त्यांच्यासाठी मोठी छावणी उघडली. रोजच्या शिध्यातल्या मांसाची हाडं उकळून, घासून, पातळ चिरून कैद्यांनी फळ्या केल्या, आतल्या लाकडी गाभ्यावर त्या पितळी तारेच्या खिळ्यांनी ठोकल्या आणि अशी जहाजं छावणीच्या बाजारात विकली. पीटरबरोच्या संग्रहालयात नॉर्मन क्रॉसच्या कैद्यांचं काम मोठ्या प्रमाणावर जपलं आहे. या मॉडेलांचं प्रमाण बहुतेकदा चुकलेलं असतं. डोलकाठ्या फार उंच, तोफा फार ठसठशीत. समोर नकाशा नव्हता, सगळं आठवणीतून उतरलेलं. पण दोरांकडे पाहिलं की कळतं, हे बांधणाऱ्याने खऱ्या जहाजावर वादळात तेच दोर ओढले आहेत.

पुठ्ठ्याची परंपरा वेगळ्या टंचाईतून आली. इंग्लंडमध्ये १९४०च्या दशकात ‘मायक्रोमॉडेल्स’ नावाची पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर छापलेली मॉडेलं निघाली. युद्धकाळात दुसरं सामान मिळत नव्हतं, कार्ड मिळत होतं. पोलंडमध्ये १९५७पासून ‘मावी मॉडेलाश’ हे मासिक निघू लागलं. कागदावर छापलेले भाग कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे. पोरांच्या हातात पडलेल्या त्या कागदांतून तिथे दोन-तीन पिढ्यांचे उत्तम कारागीर घडले. आज शिडाच्या जहाजांचे अत्यंत काटेकोर पुठ्ठा-किट पोलंडमधून येतात, ते या पायावर. जिथे लाकूड महाग आणि यंत्रं दुर्मीळ, तिथे मुलांना द्यायला कागदासारखी वस्तू नाही.

आता प्रत्यक्ष काम. आपल्या सुतारकामात इंचाचे आठ सूत. १:९६ हे प्रमाण धरलं की खऱ्या जहाजाच्या एका फुटाला मॉडेलवर एक सूत येतो. हिशेब तोंडी होतो. ‘ट्रिंकोमाली’चा तोफांचा मजला साधारण दीडशे फूट लांब आणि जहाज चाळीस फूट रुंद. म्हणजे मॉडेल पावणेएकोणीस इंच लांब आणि पाच इंच रुंद. पुढचा बोस्प्रिट, म्हणजे टोकावरून पुढे काढलेली काठी, आणि डोलकाठ्या यांची जागा वेगळी. डेकवर उभा राहिलेला माणूस साडेपाच सूत. हा माणूस मी कार्डातून पहिल्यांदा कापतो आणि शेवटपर्यंत टेबलावर ठेवतो. जिना, कठडा, तोफेची खिडकी, सगळं त्याच्या शेजारी उभं करून बघायचं. त्याच्या गुडघ्याला लागेल असा कठडा झाला असेल तर नकाशा पुन्हा वाचायचा.

हे नकाशे वाचणं ही स्वतंत्र विद्या आहे. जहाजाचा नकाशा तीन बाजूंनी काढतात: बाजूने दिसणारं जहाज, वरून दिसणारं अर्धं जहाज आणि आडवे छेद. आडव्या छेदांच्या चित्रात उजव्या अर्ध्यात पुढच्या भागाचे छेद आणि डाव्या अर्ध्यात मागच्या भागाचे, एकात एक बसवलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती फक्त कांद्याच्या पाकळ्यांसारखी गर्दी दिसते. ‘ट्रिंकोमाली’च्या या रेषा मुळात इंग्रजीही नाहीत. ‘हेबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट, साने या फ्रेंच रचनाकाराची, इंग्रजांनी १७८२मध्ये पकडली. तिचा आकार त्यांना इतका पटला की तो मोजून, उतरवून त्यांनी ‘लीडा’ वर्गाच्या चाळीसहून अधिक फ्रिगेटी बांधल्या; ‘ट्रिंकोमाली’ त्यांतलीच. फ्रान्समध्ये आखलेली रेषा, इंग्लंडमध्ये केलेली प्रत, मलबारचा साग आणि मुंबईचे हात, असा या जहाजाचा वंश आहे.

छेदांवरून पुठ्ठ्याचे पडदे कापायचे, मधल्या उभ्या कील-पट्टीत खाचा करून ते ओळीने बसवायचे. ज्याने घरी आकाशकंदील बांधला आहे त्याला यापुढचं सांगावं लागत नाही. कामट्यांचा सांगाडा एका कोपऱ्यात तिरका राहिला तर वरचा कागद कितीही ताणा, कंदील तिरकाच लटकतो. जहाजाचंही तसंच. म्हणून फळ्या चढवण्याआधी एक लांब लवचीक पट्टी पुढून मागपर्यंत सगळ्या पडद्यांवर टेकवून पाहायची. जिथे पट्टी उचलली जाते तिथे शेजारचा पडदा खोल गेलेला आहे, त्याच्या कडेला कागदाची चिंधी चिकटवायची. जिथे ती कोपरा करते तिथे पॉलिश पेपरने घासायचं. हे काम कंटाळवाणं म्हणून लोक उरकतात. माझ्या मते मॉडेलचं अर्धं आयुष्य याच टप्प्यावर ठरतं.

फळ्या चढवताना खरी भूमिती समोर येते. जहाजाच्या पोटावर कीलपासून कठड्यापर्यंतचा घेर मोठा, पुढच्या टोकाला, नाळेपाशी, तोच घेर खूप कमी. फळ्यांची संख्या तर तेवढीच. म्हणून प्रत्येक फळी नाळेकडे निमुळती करावी लागते, आणि मागच्या बाजूला काही ठिकाणी उलट जादा फळी घुसवावी लागते. पुठ्ठ्यात हे फार स्वच्छ कळतं. कागदाला ग्रेन असतं. एका दिशेने तो सहज वळतो, दुसऱ्या दिशेने मोडतो. तो दोन दिशांनी एकाच वेळी वळत नाही. लाकडाची पट्टी भिजवून, गरम करून दामटता येते. पुठ्ठ्याला तसं दामटता येत नाही, त्याची फळी अचूकच कापावी लागते. आयुष्यभर कारखान्यात ड्राफ्ट्समनचं काम करून निवृत्त झालेले एक स्नेही आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. ते फक्त पुठ्ठ्यातच बांधतात. मी लाकडी फळ्यांचं कौतुक करत होतो तेव्हा ते म्हणाले, “लाकडावर तू भागवून नेतोस रे. घासलं की झालं. पुठ्ठ्यावर पहिल्या फळीला केसभर फरक पडला की दहावी फळी बसतच नाही. मग मागे जाऊन शोधावं लागतं, कुठे पडला ते.” त्यांच्या कपाटातलं जहाज मी हातात घेऊन पाहिलं आहे. फळ्यांच्या कडांना शिसपेन्सिल फिरवून त्यांनी सांध्यांतल्या डांबराची रेघ आणली आहे, आणि नाळेपाशी त्या सगळ्या रेघा एकमेकींच्या जवळ येत जातात, पण एकही दुसरीला शिवत नाही.

पुठ्ठा टिकत नाही हा आक्षेप खरा, पण अर्धाच. आपल्याकडे पावसाळ्यात तो दमट होतो, आणि कसर तर कागदावरच जगते. उपाय जुनाच आहे: स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. फर्निचरला करतात तेच पॉलिश. पातळ लाख पुठ्ठ्यात आत शिरते, तंतू घट्ट होतात, आणि वाळल्यावर तो लाकडासारखा घासता येतो. आतून-बाहेरून लाख दिलेला पुठ्ठा पाऊस सोसतो. तळावरच्या तांब्यासाठी तांब्याची पातळ चिकटपट्टी मिळते. मूळ पत्रे चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद असत. मॉडेलवर चार सूत लांब आणि सव्वा सुताहून किंचित कमी रुंद. ते कीलपासून वर, मागून पुढे, एकावर एक कड चढवत लावायचे, म्हणजे पुढून येणाऱ्या पाण्याला उघडी कड सापडत नाही.

डोलकाठ्यांना मात्र लाकूडच हवं. इथे एक गोष्ट लोकांना खटकते: सागाच्या जहाजाच्या मॉडेलला साग वापरू नये. सागाचे रेषे आणि छिद्रं आहेत तेवढीच राहतात, ती शहाण्णवपट लहान होत नाहीत. मॉडेलवर ती खड्ड्यांसारखी दिसतात. हेदूचं, म्हणजे हळदूचं, पिवळसर दाट लाकूड बारीक कामाला फार चांगलं. कप्प्या त्याच्याच कराव्यात. डोलकाठी थेट गोल लाकडाची घेऊ नये. चौकोनी काठी निमुळती करायची, प्रत्येक बाजूवर ७:१०:७ अशा रेघा मारायच्या, कोपरे रंध्याने काढले की आठ पैलू होतात, मग सोळा, मग गोल. मोठ्या गोदीतही डोलकाठ्या अशाच घडवत. एका डोलकाठीचे तीन तुकडे: खालची, मधली, वरची, एकीच्या डोक्याशी दुसरीची टाच. वादळात वरच्या काठ्या खाली उतरवता याव्यात म्हणून ही रचना आहे.

यानंतर दोर. माझ्या मते शिडाच्या जहाजाचा सगळा अर्थ दोरांत आहे, आणि बाजारात मिळणारी बहुतेक शोभेची जहाजं नेमकी इथेच उताणी पडतात. लांबून गुंता झकास दिसतो. जवळ गेल्यावर दोर कुठेही बांधलेले, काही तर दोन खिळ्यांमध्ये नुसते ताणलेले. खऱ्या जहाजावर एकही दोर निरुद्योगी नसतो.

दोर दोन जातींचे. काही डोलकाठ्यांना धरून ठेवतात. ते डांबरलेले, काळपट, एकदा ताणले की तसेच राहतात. बाकीचे शिडं आणि परबाणं, म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्या, हलवतात. ते फिकट, रोज ओढले जाणारे. जुन्या पुस्तकांत दोराची जाडी दिलेली नसते, घेर दिलेला असतो. बारा इंच घेराचा दोर म्हणजे जाडी पावणेचार इंचांच्या थोडी वर, मॉडेलवर एक मिलिमीटर. हा मिलिमीटर रिळातून सापडत नाही, तो वळावा लागतो. हुकांना तीन सुतं लावायची, प्रत्येकाला एका दिशेने पीळ द्यायचा, आणि मग तिघांना एकत्र उलट्या दिशेने वळू द्यायचं. दोन विरुद्ध पीळ एकमेकांना अडवतात, म्हणून दोर उलगडत नाही. लहान हुकांचं हे यंत्र घरी बनवता येतं. सुती धागा ओल्या हवेत आखडतो आणि कोरड्या हवेत सैल पडतो, त्यामुळे मुंबईत पॉलिएस्टरचं सूत शहाणपणाचं. मात्र त्याची चकाकी मारावी लागते.

डोलकाठीला बाजूने धरणारे श्राउड जोडीने लावतात. एकच दोर मधोमध दुमडायचा, तो फास डोलकाठीच्या डोक्यात घालायचा, दोन्ही टोकं एकाच बाजूला खाली. पहिली जोडी उजवीकडे पुढची, दुसरी डावीकडे पुढची, मग पुन्हा उजवीकडे, असं आळीपाळीने. नुसती एकच बाजू आधी पूर्ण केली तर डोलकाठी त्या बाजूला कलते आणि डोक्यावरच्या फासांची चळत विस्कटते. खाली प्रत्येक श्राउडच्या टोकाला तीन भोकांची गोल लाकडी चकती असते, डेडआय. तशीच दुसरी चकती जहाजाच्या बाजूला साखळीने बांधलेली. दोन्हींतून बारीक दोरी तीन-तीनदा फिरवून श्राउड ताणायचा. खलाशी हे ताण सतत कमी-जास्त करत, कारण तागाचा दोर लांबतो. मॉडेलवर सगळ्या चकत्या एका ओळीत याव्यात म्हणून तारेचा छोटा साचा दोन चकत्यांमध्ये अडकवून मगच वरचं टोक बांधतात.

ताणाची मजा पुढे आहे. श्राउड डोलकाठीला बाजूला आणि मागे खेचतात. तिला पुढे खेचणारा दोर म्हणजे स्टे. पुढच्या डोलकाठीचा स्टे बोस्प्रिटला येतो. बोस्प्रिटला वर उचलणारा तो ताण खाली धरून ठेवायला बोस्प्रिटच्या पोटातून दोर नाळेला बांधलेले. सर्वांत वरच्या काठीचा स्टे बोस्प्रिटच्याही पुढे काढलेल्या काठीला, आणि त्या काठीला खालून धरणारा दोर पुन्हा नाळेकडे. म्हणजे दीडशे फूट जहाजाच्या आभाळात गेलेल्या काठ्यांचा बराचसा भार शेवटी नाळेच्या एका जागेवर येऊन बसतो. नाळ इतक्या जाड लाकडांची का केली हे नकाशात मी अनेकदा पाहिलं होतं; समजलं ते स्टे ताणताना, बोटाखाली बोस्प्रिट उचललेला जाणवला तेव्हा. मुंबईच्या गोदीतल्या सुताराला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नसणार. पण सागाचा कुठला ओंडका नाळेसाठी बाजूला ठेवायचा हे त्याला ठाऊक होतं.

श्राउडवर चढायच्या आडव्या दोऱ्या म्हणजे रॅटलाइन. त्यांच्यातलं अंतर साधारण तेरा इंच, खलाशाच्या पावलाचं माप. मॉडेलवर साडेतीन मिलिमीटरच्याही आत. प्रत्येक श्राउडवर क्लोव्ह हिच ही गाठ बांधायची, टोकांना मात्र फास. मागे रेघा मारलेला कागद लावून बांधत गेलं तर ओळी सरळ येतात. गाठ जरा जास्त ओढली की श्राउड आत खेचले जातात आणि शिडी कमरेत बारीक होते. सुईने श्राउड टोचून धागा आरपार नेणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. खऱ्या दोराला भोक पाडून कुणी चढत नव्हतं.

चालत्या दोरांच्या टप्प्यावर जहाज जिवंत व्हायला लागतं. प्रत्येक परबाणाला वर उचलणारे, दोन्ही टोकं समतोल धरणारे, आणि वाऱ्याप्रमाणे फिरवणारे दोर. मुख्य परबाण फिरवणारे दोर जहाजाच्या मागच्या बाजूला जातात, पुढच्या परबाणाचे मुख्य डोलकाठीकडे मागे येतात, आणि मागच्या डोलकाठीच्या खालच्या परबाणाचे उलट पुढे जातात. प्रत्येक दोराला कप्पी हवी, मोकळी वाट हवी आणि शेवटी बांधायला ठरलेली खुंटी हवी. अंधारात, पावसात, झुलणाऱ्या डेकवर खलाशाचा हात न बघता त्या खुंटीवर गेला पाहिजे. मॉडेल बांधताना एक दोर दुसऱ्याला घासतो तेव्हा माझ्या लक्षात येतं की नकाशात त्या जागी निरर्थक वाटलेली छोटी कडी कशासाठी होती.

इथे निसर्गाचा एक नियम आडवा येतो. लांबी शहाण्णवपट कमी केली तर वजन शहाण्णवच्या घनाने कमी होतं. खऱ्या जहाजावरचा सैल दोर स्वतःच्या वजनाने सुंदर झोल घेतो. मॉडेलवरचं सूत वजनच नसल्यासारखं हवेत वेडंवाकडं उभं राहतं. खुंटीवर गुंडाळलेली वेटोळी खाली लटकत नाहीत, फुलतात. पातळ फेविकॉलच्या पाण्याने सूत भिजवून, हव्या त्या झोलात टाचण्यांनी धरून वाळवायचं, एवढाच इलाज. शिडं मी गुंडाळलेली दाखवतो. पूर्ण शीड कापून गुंडाळलं तर परबाणावर जाडजूड वळकटी होते. म्हणून पातळ टिशूचं, उंचीने तिसरा हिस्साच शीड कापून गुंडाळायचं.

हे सगळं कुठे शिकायचं, तर पुस्तकांतून आणि एकमेकांकडून. डेव्हिड स्टील याचा १७९४चा दोर-काठ्यांवरचा ग्रंथ आजही आधाराचा आहे; दोराचा घेर आणि कप्प्यांची मापं त्यात तक्त्यांत आहेत. लाँगरिज यांनी ‘व्हिक्टरी’ या जहाजाचं मॉडेल बांधताना लिहिलेलं १९५५चं पुस्तक वाचलं की नवख्याची भीती जाते. मात्र नकाशा घेण्याआधी वर्ष ठरवावं. ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडला गेल्यावर १८४५पर्यंत राखीव पडून होती; मग तिच्या तोफा बदलल्या आणि मागचा भाग नव्या आकाराचा झाला. मी १८१७ची बांधतो आहे, मुंबईच्या पाण्यात उतरली तशी.

आता माझ्या खऱ्या ओढीचा विषय. नकाशा असलेलं जहाज बांधणं हे शिक्षण आहे. नकाशा नसलेलं जहाज बांधणं हा शोध. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांचे आणि गलबतांचे मोजमाप केलेले नकाशे आपल्या हाती नाहीत. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. उरली ती वर्णनं आणि चित्रं, तीही बरीचशी शत्रूच्या डोळ्यांनी पाहिलेली. त्याहून मागे गेलं तर बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांची लढाऊ जहाजं कोरली आहेत, पण दगडावर कोरणाऱ्याने दोरांचं माप ठेवलेलं नाही.

तरी रस्ता आहे, आणि तो गोव्यात चालून दाखवला गेला आहे. अजिंठ्याच्या चित्रावरून पाचव्या शतकातल्या धर्तीचं, फळ्या दोराने शिवलेलं जहाज भारतीय नौदलासाठी तिथे बांधलं गेलं. केरळच्या कारागिरांनी ते शिवलं. त्याचाही नकाशा नव्हता. चित्रावरून आकार ठरवला, लहान मॉडेल बनवून आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासलं, आणि मग खरं जहाज झालं. २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झालं. तिथे मॉडेल जहाजाच्या आधी आलं. आपल्या गुराबेसाठीही तेच व्हायला हवं, आणि त्याची सुरुवात पुठ्ठ्यात करता येते.

इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने अठराव्या शतकात गुराबेचं केलेलं वर्णन बऱ्यापैकी नेमकं आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची. मध्ये रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, आणि इंग्रजी जहाजासारखी भरीव गोल छाती नसून समोर काढलेली सडपातळ नाळ. पुढच्या आडव्या भिंतीत दोन खिडक्या, त्यांत नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा, त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या. सोबतची गलबतं सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. एवढ्यावर मी १:४८मध्ये, फुटाला दोन सूत धरून, नुसता पुढचा भाग कापतो आहे: कील, नाळ, आडवी भिंत आणि तोफांच्या मागचा डेक. छेद बदलायचा असेल तर एक पडदा काढून दुसरा घालायचा, पुठ्ठ्यात ते तासाभराचं काम.

प्रश्न असा आहे. त्या दोन तोफा डागल्या की मागे येणार, आणि पुन्हा ठासायच्या तर त्यांची तोंडं भिंतीच्या आत यायला हवीत. तेवढी जागा मागे सोडली तर पुढची डोलकाठी आणखी मागे सरकते. ती मागे सरकली की तिच्यावरच्या शिडाचा जोर बदलतो आणि सुकाणूवर भार येतो. जागा नाही सोडली तर तोफा तिरप्या ओढून ठासाव्या लागतील, किंवा डोलकाठी दोन तोफांच्या मधोमध उभी असेल. मधोमध असेल तर तिथे डेकची रुंदी किती लागते, आणि ऑर्म म्हणतो तशी निमुळती होत जाणारी छाती तेवढी रुंदी त्या जागी देऊ शकते का? दीडशे टनांच्या मापाने पहिला पडदा कापला आहे. त्याच्यामागे पुठ्ठ्याच्या दोन तोफा आहेत, आणि प्रत्येक तोफेभोवती अकरा सूत उंचीची माणसं उभी करून मी त्यांचे कोपर एकमेकांना लागतात का ते पाहतो आहे.